जेम्स मेअर, टी-नेम पार्टन

ॲबर्डीन
१२ फेब्रुवारी १९३४

श्रीमती इझोबेल फ्लेट यांस,

आपली माझी ओळख नाही. या हिवाळ्यात आपल्या घरावर जे दुःख कोसळले ते मी ऐकले आहे. अशा वेळी परक्या बाईने पत्र पाठवू नये हे मला कळते, तरी पाठवते आहे.

मी पूर्वी शाळेत शिकवत असे. लग्न झाल्यावर नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. आता घरबसल्या एका शब्दकोशासाठी शब्द टिपून देते. आपल्या बोलीतले जुने शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर मातीत चालले आहेत, म्हणून काही विद्वान मंडळी ते गोळा करत आहेत. त्यातला एक शब्द माझ्याकडे आहे, टी-नेम. कोळ्यांच्या गावात एकाच नावाची आणि आडनावाची पुष्कळ माणसे असतात, म्हणून ओळखीसाठी जे आणखी एक नाव लावतात ते, एवढे मला माहीत आहे. हे नाव ठेवतो कोण? बापाचे मुलाला मिळते का? तोंडावर घेतात की पाठीमागेच? आणि थडग्याच्या दगडावर ते कोरतात का?

आपल्या यजमानांचे टी-नेम पार्टन होते असे समजले. त्यांच्या दगडावर ते कोरले आहे, की दगड अजून व्हायचा आहे?

उत्तर द्यावेसे वाटले नाही तर राग मानणार नाही.

मार्जरी ऑगस्टन

•

पोर्टस्कॅरी
२० फेब्रुवारी

श्रीमती ऑगस्टन यांस,

पत्र पोहोचले. मी फार लिहिणारी बाई नाही. शाळेत मास्तर पुढे शिक म्हणत होते, पण हेरिंगचा हंगाम आला आणि मी सुरी घेऊन मासे साफ करायला उभी राहिले. अक्षर मात्र राहिले आहे.

विचारलेत त्याचे उत्तर देते. आमच्या गावात मेअर आडनावाची घरे निम्म्याहून जास्त. जेम्स मेअर पाच होते, आता चार. टी-नेम कुणी ठेवत नाही, ते पडते, आणि एकदा पडले की नातवंडांपर्यंत जाते. जेमीचे पणजोबा खडकांवरून तिरके चालत, म्हणून ते पार्टन. पार्टन म्हणजे खेकडा हे आपल्याला ठाऊक असेलच. तेव्हापासून सगळे घर पार्टन. जेमीला तोंडावर म्हटलेले चालत असे. शेजारी एक आहेत, त्यांचे टी-नेम मी पत्रातसुद्धा घालू शकत नाही.

नवे पाद्री आले तेव्हा त्यांनी देवळात एक लग्न जाहीर केले. अलेक्झांडर मेअर आणि अमुक अमुक. मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "बाबा, कुठला अलेक्झांडर ते नीट सांगा! नाहीतर शनिवारी सहा नवरे येऊन उभे राहतील, आणि पोरगी गोंधळून चांगलासा निवडेल!" तेव्हापासून पाद्रीही टी-नेम घेतात.

दगड अजून झालेला नाही. पाथरवट मे महिन्यात येतो. सासूबाईंना त्यावर पार्टन कोरून हवे आहे. पाद्री म्हणाले, देवाच्या दारी टोपणनाव नको. सासूबाई म्हणाल्या, "मग देवाला तरी कसं कळायचं, कुठला जेमी आलाय ते?"

आता मी विचारते. इथल्या बायका लग्नानंतरही माहेरचेच नाव लावतात हे शहरात कुणाला माहीत नसते. सरकारदरबारी मी मेअर आहे. आपण फ्लेट लिहिलेत. आणि पार्टन हे नाव वर्तमानपत्रात आलेले नव्हते. आपल्याला ते कुणी सांगितले?

इझोबेल फ्लेट

•

ॲबर्डीन
२७ फेब्रुवारी

श्रीमती फ्लेट यांस,

आपले पत्र दोनदा वाचले. सहा नवऱ्यांची हकीकत माझ्या यजमानांनाही वाचून दाखवली. ते शहरातले. त्यांना ती खरी वाटली नाही. मला वाटली.

माझे वडील समुद्रकाठचे, म्हणून बायकांच्या नावांची रीत मला ठाऊक आहे. आपल्या घरची माहिती मासे विकायला येणाऱ्या एका बाईने दिली.

आपण इतके सांगितलेत, तर मला सापडले तेही सांगते. हा शब्द फार जुना आहे. पूर्वी तो टू-नेम असा होता. त्यातला 'टू' म्हणजे आणखी, वरचे. आमच्या किनाऱ्यावर त्याचे 'टी' झाले. हजार वर्षांपूर्वीच्या लिखाणातही तो आहे, आणि तिथे त्याचा अर्थ नुसता वर जोडलेले नाव, मानाचे असो वा थट्टेचे. पुढे तीन-चारशे वर्षांपूर्वी दक्षिण सीमेवर गुरे पळवणारी घराणी होती. त्यांच्यातही एका नावाचे दहा-दहा जण. फाशी द्यायचे तर नेमके कुणाला, हे ठरवण्यासाठी न्यायाधीश टू-नेम लिहून घेत. एकाला कान नव्हता, दुसरा तोतरा, तिसऱ्याची आई जास्त प्रसिद्ध होती. चोरांच्या कागदपत्रांतून निघून हा शब्द आपल्या होड्यांवर येऊन टिकला. बाकी सगळीकडे माणसांना आडनावे पुरली.

दगडाला मे महिन्यापर्यंत वेळ आहे हे वाचून बरे वाटले.

आणखी एका शब्दाबद्दल विचारू का? स्प्लूखन, म्हणजे तंबाखूची चंची. तुमच्याकडे ती कातड्याची असते की कापडाची? आत अस्तर घालतात का, कसले? नावाची अक्षरे काढतात का, आणि कुठल्या रंगाच्या धाग्याने?

मार्जरी ऑगस्टन

•

पोर्टस्कॅरी
८ मार्च

श्रीमती ऑगस्टन यांस,

आमचा दगड अजून झाला नाही, याने आपल्याला बरे का वाटावे?

आपली दोन्ही पत्रे मी दीर डॉड याला दाखवली. तो म्हणाला, "इझी, हा विम्याचा माणूस आहे. बाईच्या नावानं लिहितोय." मग मी मास्तरांकडे गेले. असा शब्दकोश खरोखर होतो आहे असे ते म्हणाले, म्हणून हे उत्तर. नाहीतर पत्र चुलीत गेले असते. पण चंचीबद्दलचा मजकूर वाचून तेही थांबले. म्हणाले, "शब्दकोशाला शब्द हवा. अस्तर कशाला हवंय?"

मलाही तेच विचारायचे आहे.

आमचा माणूस नोव्हेंबरात घरी येता येता वादळात होडीवरून वाहून गेला. जानेवारीत खडकांपलीकडच्या वाळूवर सापडला. चेहऱ्यावरून कळण्यासारखे काही राहिले नव्हते, म्हणून मला पाहू दिले नाही. डॉड आणि सुतार यांनीच त्याला पेटीत ठेवले, मी आले तेव्हा झाकण बंद होते. खिशात चंची होती आणि तिच्यावर जे. एम. अशी अक्षरे होती, त्यावरून ओळख पटली. वर्तमानपत्रात एवढेच आले. अक्षरे धाग्याची होती की शाईची, हे कुठेही छापलेले नाही. आपण थेट धाग्याचा रंग विचारलात.

मी जे कुणालाही सांगितलेले नाही ते आता लिहिते, कारण मला उत्तर हवे आहे. ती चंची मी केलेली नाही. मी ती आधी कधी पाहिली नव्हती. पोलीस ती टेबलावर ठेवून गेला तेव्हा सासूबाई रडत होत्या, डॉड म्हणत होता, "झालं, आपलाच तो," आणि मी टाके बघत होते. बाईच्या हातचे होते. हात चांगला होता.

दर शरद ऋतूत आमच्या होड्या खाली यार्मथला जातात आणि आम्ही बायका आगगाडीने मागोमाग मासे साफ करायला जातो. गेल्या खेपेला सासूबाईंचा पाय मोडला म्हणून मी घरी राहिले. तो एकटा गेला. आपण गेल्या शरद ऋतूत यार्मथला होता का?

धाग्याचा रंग मी लिहिणार नाही. ज्या हाताने टाके घातले त्याला तो ठाऊक असेल. आपण माझ्या नवऱ्याच्या कोण होता?

इझोबेल फ्लेट

•

क्रेगन
२ एप्रिल

श्रीमती फ्लेट यांस,

उत्तराला उशीर झाला. आपले पत्र आल्यावर मी मुलाला घेऊन वडिलांकडे क्रेगनला आले. लिहायला बसायचे धाडस इतके दिवस होत नव्हते.

मी यार्मथला कधीच गेले नाही. आपल्या यजमानांना मी पाहिलेले नाही, त्यांच्याशी कधी एक शब्द बोललेली नाही. त्यांच्याबद्दल मनात काही आणले असेल तर ते आधी काढून टाका. आता पुढचे वाचा.

धागा निळा आहे. आतले अस्तर करड्या आणि तांबड्या चौकड्याचे आहे. शाळेत शिकवताना मी जो झगा घालत असे त्याचे ते कापड. दुसऱ्या अक्षराचा शेवटचा पाय जरा खाली घसरला आहे, कारण शिवता शिवता मूल रडले आणि मी तसाच टाका मारून उठले.

ती चंची मी माझ्या भावासाठी केली होती. माझे माहेरचे आडनाव मेअर. आपल्या यजमानांना समुद्राने नेले त्याच वादळात क्रेगनची एक होडी सगळ्या माणसांसकट बुडाली, हे आपल्या गावाला माहीत आहे. तिच्यावर माझा भाऊ होता. तुमच्या बंदरात त्याला सगळे लिंटी म्हणून ओळखत. आमची पणजी फार गोड गात असे, लिंटी नावाच्या गाणाऱ्या पाखरावरून घराला ते नाव पडले. लिंटी गेला, हे पोर्टस्कॅरीत सगळ्यांनी ऐकले असेल. त्याचे नाव जेम्स मेअर होते, हे कुणालाच माहीत नसणार.

तुमच्या लोकांना मी दोष देत नाही. कसा देऊ? वडिलांनी जानेवारीत ती बातमी स्वतः वाचली होती. जेम्स मेअर, कोळी, पोर्टस्कॅरीजवळ सापडला. वाचून शेजाऱ्याला म्हणाले, "पार्टन सापडला म्हणायचा. नशीबवान घर!" आणि मला सुके मासे पाठवताना तोच कागद गुंडाळून दिला. स्वतःच्या मुलाचे नाव समोर छापलेले होते आणि त्यांना मुलगा आठवला नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर त्यांनी ते नाव कधी उच्चारलेच नव्हते.

मी शहरात राहते, शाळेच्या हजेरीत नावे वाचून माझा डोळा बिघडला आहे, म्हणून मला दिसले.

शब्दकोश खोटा नाही. शब्दांआडून मी चंचीबद्दल विचारत होते, हे मात्र खरे. उघड विचारायचे म्हणजे एका विधवेला सांगायचे की तुझ्या नवऱ्याच्या थडग्यात दुसरा कुणी आहे. खात्री नसताना ते माझ्याने झाले नाही. दगडाची चौकशी का करत होते, हे आता आपल्याला कळले असेल. एकदा नाव कोरले गेले की कुणी कुणाला काही विचारत नाही.

वडिलांना मी अजून सांगितलेले नाही. आपण पाहून काय ते कळवा.

मार्जरी ऑगस्टन

•

पोर्टस्कॅरी
९ एप्रिल

श्रीमती ऑगस्टन यांस,

चौकड्याचे कापड दुकानात वारावर मिळते. निळा धागा प्रत्येक घरात असतो.

माझ्या नवऱ्याला मंडळींनी दोर धरून खाली सोडले. डोक्याकडचा दोर सर्वांत जवळच्या नातेवाइकाचा, तो त्याच्या भावाने धरला. पाद्री होते, सगळे गाव होते. तो आपल्या बापाशेजारी आहे आणि मी दर रविवारी तिथे जाते.

मुलगा गेलेल्या घराला काहीही खरे वाटू शकते. त्यासाठी मी तुमच्यावर रागावत नाही. पण पुन्हा लिहू नका.

इझोबेल फ्लेट

•

पोर्टस्कॅरी
४ मे

मार्जरी ऑगस्टन यांस,

लिहू नका म्हटले आणि तुम्ही लिहिले नाही. मला वाटत होते, लिहाल. भांडाल, पोलिसांकडे जाल. पोस्टमन दारावरून पुढे गेला की मला बरे वाटे, आणि दुपारपर्यंत ते बरे वाटणे संपत असे.

अस्तर मी तुमचे पत्र आले त्याच दिवशी पाहिले होते. तरी तसे उत्तर लिहिले.

परवा पाथरवट आला. दगडावर आधी खडूने अक्षरे काढतात, ती घरच्यांनी पाहिली की मग छिन्नी लावतात. सासूबाईंना खुर्चीवर बसवून थडग्याशी नेले होते. त्याने विचारले, "काय घालायचं?" त्या म्हणाल्या, "जेम्स मेअर. आणि खाली पार्टन, मोठं." त्याने काढले. अक्षर छान होते. सासूबाईंनी मान डोलावली. त्याने छिन्नी उचलली तेव्हा मी म्हणाले, आज नको. तो कुरकुरत गेला.

तिथून मी बंदरावर गेले. डॉड जाळे दुरुस्त करत बसला होता. मी विचारले, "डॉड, त्याच्या स्वेटरची मनगटं कसली होती?"

"कसली म्हणजे? निळा स्वेटर होता. सगळ्यांचा असतो तसा."

"मनगटं विचारतेय मी."

"निळी."

"दोन्ही?"

"हे काय आता नवीन? हो, दोन्ही! मीच हात जुळवले त्याचे. तुला कशाला हवंय ते?"

"तो यार्मथला निघायच्या आधी निळी लोकर संपली म्हणून उजवं मनगट मी काळ्या लोकरीनं विणलं होतं. तूच हसला होतास त्याला. म्हणाला होतास, एका हाताला सुतक आलंय का रे?"

डॉडने सुई खाली ठेवली. बाजूला दोघे-तिघे काम करत होते. मग तो हळूच म्हणाला, "मग कोण गं तो?"

"क्रेगनचा लिंटी."

"लिंटी? चंचीवर जे. एम. होतं, इझी."

"जेम्स मेअर. तेच नाव त्याचं."

"लिंटीचं?" तो एकदम ओरडलाच. "अगं, किती उन्हाळे लर्विकच्या धक्क्यावर त्याच्याबरोबर चहा प्यालोय मी! त्याच्या आईचं दुखणं मला माहीत, त्याला दात कुठला दुखतो ते माहीत. त्याला असलं काही नाव आहे, हे मला कोण सांगणार?"

बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "त्याला तरी माहीत होतं का, देव जाणे." कुणी हसले नाही. अपशकुन टळावा म्हणून आमच्यात लोखंडाला शिवतात, तसा डॉडने हात वाढवून धक्क्याच्या लोखंडी कडीला लावला आणि तसाच ठेवला.

तर तुमचे म्हणणे खरे आहे. चंची यासोबत पाठवते. ती मी धुतलेली नाही.

हिवाळाभर मी रोज रात्री त्या चंचीवरून नवऱ्याला जाब विचारला. ती यार्मथची बाई कशी दिसत असेल, तेही मी ठरवून ठेवले होते. रविवारी थडग्याशी उभी राहत असे तेव्हाही मनात तेच. आता तो पुन्हा माझा पूर्वीचा जेमी झाला आहे, आणि आता तो कुठेच नाही.

तुमच्या शब्दकोशासाठी एक लिहून घ्या. टी-नेम म्हणजे वर जोडलेले नाव असे तुम्ही लिहिले होते. जुन्या काळी असेल. आमच्याकडे ते वर जोडलेले नाही. ते काढून घेतले तर खाली माणूस उरत नाही. जे उरते ते कुणालाही बसते.

सासूबाईंना अजून सांगायचे आहे. डॉड म्हणतो, मी सांगतो, पण तो सांगणार नाही.

इझोबेल फ्लेट

•

क्रेगन
१३ मे

इझोबेल,

श्रीमती लिहवत नाही.

चंची पोहोचली. मी ती वडिलांपुढे ठेवली आणि सगळे सांगितले. त्यांनी ती हातात घेतली. मग म्हणाले, "मी वाचली होती गं ती बातमी." एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चष्मा लावून वाचली होती."

आईला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. वडिलांची इच्छा काय असेल ते सांगायला नको, पण ते तोंडाने काही म्हणत नाहीत. न्यायाधीशांची परवानगी काढून पेटी हलवता येते असे इथल्या पाद्रींनी सांगितले. तुमच्या घरची हरकत असेल तर आम्ही अर्ज करणार नाही. तो तुमच्या मातीत तुमच्या माणसांच्या हातून गेला आहे, चांगल्या रीतीने गेला आहे. त्याला तिथेच राहू द्या असे तुम्ही म्हणालात, तरी मला ते पटेल.

तुमच्या सासूबाईंना सांगितलेत का? त्या कशा आहेत?

मार्जरी

•

पोर्टस्कॅरी
१ जून

मार्जरी,

सासूबाईंना सांगितले. मीच सांगितले, डॉड दाराबाहेर उभा होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझा पोरगा कुठंय?" पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "त्या दुसऱ्याला आई आहे का?" मी म्हटले, नाही, बाप आहे. त्या म्हणाल्या, "मग बापाला वाट बघायला लावू नका. द्या त्याचा त्याला."

तेव्हा अर्ज करा. आमच्याकडून कागदावर जे हवे ते पाद्री लिहून देतील. त्यांच्या मनाला हे फार लागले आहे. त्यांनी दफनाच्या वेळी नाव घेऊन प्रार्थना केली होती. आता विचारतात, ती कुणाला पोहोचली असेल? सासूबाई त्यांना म्हणाल्या, "नाव एकच होतं ना? दोघांनी वाटून घेतली असेल."

होडीवर पेटी घेणे अपशकुनी, कुणी घेणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. लॉरी मिळेल. आमची माणसे गावाच्या वेशीपर्यंत चालत येतील. डॉडचे एक मागणे आहे आणि ते त्याने मला तीनदा लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहिते. डोक्याकडचा दोर तुमच्या वडिलांचा, त्यात वाद नाही. पण एकदा त्याने त्या माणसाला खाली सोडले आहे, तर पुन्हा सोडताना पायाकडचा एखादा दोर त्याला मिळावा. तुमच्याकडे त्या जागी नात्यातला कुणी असेल आणि तो रुसणार असेल, तर नको. दोरावरून रुसवे कसे असतात ते मला ठाऊक आहे.

पाथरवट पुन्हा येऊन गेला. खडू तसाच होता. दगडावर ताडपत्री होती. तो म्हणाला, नाव तर तेच आहे, खाली "समुद्रात हरवला" एवढे घातले की झाले, पुष्कळ जण घालतात. मलाही ते बरे वाटले. सासूबाईंनी माझ्याकडून ओले फडके मागून घेतले आणि खुर्चीतून वाकून स्वतः सगळे पुसले. त्याला म्हणाल्या, "नाव कोरलं की माणसं शोधायची थांबतात. तू जा."

दगड भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याच्यावर काहीही नाही.

तुमच्या किनाऱ्यावर या वर्षी किंवा पुढे कधी कुणी आला आणि त्याला ओळखणारे कुणी नसले, तर पेटी बंद करू देऊ नका. तार करा. आता मला कुणी पाहू नको म्हटले तरी मी पाहणार आहे.

इझोबेल